बाय अँड लार्ज

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी सौंसरची. नकाशात मध्य प्रदेश, पण बोली, लग्नं, भांडणं सगळी आपल्या विदर्भाची. नागपुरातून सावनेर-केळवद-सातनूर करत दीड तासात माणूस पोचतो. जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांना हा रस्ता तोंडपाठ आहे. जेवण झालं, हात धुवायला मागच्या पडवीत गेलो, तर मोरीजवळच्या फळीवर जर्मनचा एक चपटा डबा दिसला. आत खडे मीठ. बाजूला दुमडून ठेवता येणारी कडी, एका कोपऱ्याला पोचा. मी डबा उचलून तिरपा केला. तळाशी बाणाची खूण आणि पुसट आकडे, ४३.

"काहून जी जावईबापू, मिठाच्या डब्यात काय पायता एवढं?" सासूबाई मागून म्हणाल्या.

"आई, हा डबा कुठला?"

"तो? तो आमच्या सासऱ्यायचा. लढाईच्या टायमाले तिकडं छिंदवाड्याकडं पलटणी येत. जंगलातच राहत म्हणे. सासरे बंडीनं जळतन नेऊन टाकत त्यायच्या लंगरले. जातानी एका शिपायानं हे देल्लं. ठेवून घे म्हने, बुढे. बुढे कायचे, तेव्हा तिशीचेही नव्हते!"

ही चीज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मेस टिन. एकात एक बसणारे दोन डबे असतात, त्यातला हा मोठा. अठ्ठावीस वर्षं लंगरच्या रांगेत उभं राहून मी याच्याच नातवंडांत दाल-चावल घेतला आहे.

पण मला डब्यापेक्षा सासूबाईंचं वाक्य लागलं. छिंदवाड्याला पलटणी? रणांगण तर हजाराहून जास्त किलोमीटर दूर, बर्मेत. मग इथे सातपुड्यात, सिल्लेवानीच्या घाटापलीकडे, पलटणी काय करत होत्या? पस्तीस वर्षं त्या रस्त्यानं जातोय, कधी कोणाला विचारलं नाही. परत आलो आणि वाचायला बसलो. त्या वाचनाचा हा हिशेब आहे. शेवटी माझाही एक हिशेब आहे, तो शेवटीच सांगतो.

आधी माझी ओळख. मी पायदळातून सुभेदार म्हणून उतरलो, पण ट्रेड क्लार्कचा. माझी लढाई टाइपरायटरशी, पुढे कॉम्प्युटरशी. कोणतं युनिट ते इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

तर छिंदवाडा. १९४२ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हिंदी फौजेनं बर्मेच्या आराकान किनाऱ्यावर चढाई केली. काम चौदाव्या डिव्हिजनकडे होतं. (चौदावी आर्मी वेगळी, ती पुढे बर्मेत जनरल स्लिमसाहेबांची. नंबर सारखा म्हणून माझाही आधी घोळ झाला.) समुद्र आणि मायू डोंगराच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत डोनबैक नावाचं गाव आहे. तिथे जपान्यांनी लाकडाचे ओंडके आणि मातीचे बंकर केले होते, एकमेकांवर नजर ठेवणारे. जानेवारीपासून मार्चपर्यंत आपल्या पलटणी त्यावर समोरून धडकत राहिल्या. एक पलटण संपली की दुसरी, त्याच वाटेनं. रणगाडे दिले तेही मोजून आठ. तीन ब्रिगेडी सांभाळायच्या डिव्हिजनच्या मुख्यालयाखाली शेवटी नऊ ब्रिगेडी झाल्या. मग जपानी डोंगरातून वळसा घालून पाठीमागे आले, रस्ते अडवले, आणि १९४३ च्या मे महिन्यात सगळे जिथून निघाले होते तिथे परत. डिव्हिजनच्या जनरलला त्याआधीच काढलं होतं.

अशा डिव्हिजनचं सरकार काय करतं? माझ्या अनुभवानं सांगतो, तिला कुठेतरी बाजूला पाठवतात, नवा साहेब देतात आणि त्या विषयावर मेसमध्ये कोणी बोलत नाही. इथे वेगळंच झालं. हरून आलेली ही चौदावी डिव्हिजन छिंदवाड्याला आणली आणि तिची शाळा केली. ट्रेनिंग डिव्हिजन. आता लढायचं नाही, शिकवायचं. सहारणपूरला एकोणचाळिसाव्या डिव्हिजनचं तेच केलं, आणि तीही बर्मेतून मार खाऊनच आलेली होती. बर्मेत जाणारा रंगरूट आपल्या रेजिमेंटल सेंटरमध्ये कवायत, बंदूक, निशाणा शिकून झाला की थेट आघाडीवर जायचा नाही. आधी दोन महिने या शाळेत, जंगलात.

हा निर्णय आला जून १९४३ मध्ये दिल्लीत बसलेल्या इन्फंट्री कमिटीतून. पायदळ का हरलं, एवढाच तिचा विषय. तिनं जे लिहिलं ते मी क्लार्कच्या नजरेनं वाचलं आणि थक्क झालो, कारण त्यात कुठेही पांघरूण नाही. चांगले, शिकलेले रंगरूट बाकीच्या शाखा घेऊन जातात आणि उरलेले पायदळाला मिळतात, हे लिहिलं. आघाडीवर भरती म्हणून पाठवलेल्या पोरांना धड शिक्षणच नव्हतं, हे लिहिलं. आणि ‘मिल्किंग’बद्दल लिहिलं. हा शब्द फौजेतला खराखुरा आहे. नवी पलटण उभी करायची तर जुन्या पलटणीतले अनुभवी हवालदार, नायक काढून घ्यायचे. गाईचं दूध काढावं तसं. युद्धाच्या पहिल्या तीन वर्षांत पलटणींचं दूध इतकं काढलं की मूळ पलटणीत कोणाला काही येत नव्हतं आणि नव्या पलटणीत तर मुळातच येत नव्हतं. याच काळात, १९४२ मध्ये, महार रेजिमेंटची दुसरी बटालियन आपल्या कामठीत उभी राहिली. त्या पोरांना शिकवायला किती जुने हात मिळाले असतील ते तुम्हीच समजा.

छिंदवाड्याच्या जंगलात दोन महिने काय करत असतील? मी सिल्लेवानीच्या घाटात गाडी थांबवून उतरलो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. उन्हाळ्यात पाचोळ्यावर पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. पावसाळ्यात त्याच जागी घोटाभर चिखल आणि जळवा. चाळीस पावलांपलीकडे माणूस दिसत नाही. सपाट मैदानात वाढलेल्या पंजाबच्या किंवा आपल्या वऱ्हाडच्या पोराला पहिल्या रात्री इथे काय वाटलं असेल! शिकवण्यातली पहिली गोष्ट तीच असणार, की हे जंगल जपान्याचं नाही, त्यालाही पाठीमागचं दिसत नाही. मग रात्रीची गस्त, आवाज न करता चालणं, खंदक खणून त्यातच शिजवणं-झोपणं, बंकरला समोरून न भिडता बाजूनं जाणं. आणि हे सांगणारा मास्तर डोनबैकला समोरून भिडलेला. त्याला ‘असं करू नका’ हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं.

पुस्तकही होतं म्हणा. जंगलातल्या लढाईवर फौजेची एक पुस्तिका होती. मलायात मार खाल्ला, ती बदलली. बर्मेत मार खाल्ला, पुन्हा बदलली. १९४३ च्या सप्टेंबरात चौथी आवृत्ती निघाली, तिला सगळे ‘जंगल बुक’च म्हणत. शिवाय ट्रेनिंगची पत्रकं निघत, त्यात आघाडीवरचे ताजे किस्से. अमुक पलटणीनं अमुक चूक केली, एवढी माणसं गेली. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडत होतं, तेव्हा एका स्कॉटिश पलटणीचे कर्नल स्ट्यूअर्ट यांना हुकूम देऊन बाहेर काढलं आणि हिंदुस्थानात पाठवलं. ते शूर होते हे खरं, पण काढलं ते दुसऱ्या कारणानं. मलायाच्या जंगलात लढायचं कसं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांच्याबरोबर कैदेत जाऊ द्यायचं नव्हतं. पडत्या किल्ल्यातून खजिना बाहेर काढावा तसा अनुभव बाहेर काढला.

मलेरियाचंही तेच. स्लिमसाहेबांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमी माणसामागे एकशे वीस माणसं आजारी पडून मागे येत होती. मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण शिपाई त्या तोंडात धरून थुंकून टाकत, कारण गोळीनं नामर्दपणा येतो अशी अफवा. साहेबांनी अचानक पलटणीच्या पलटणी तपासायला सुरुवात केली. पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी गोळी घेतलेली निघाली की कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढलं, चौथ्याला काढायची पाळी आली नाही. सुधारणा म्हटली की लोकांना तोफा, विमानं आठवतात. मला ही थुंकलेली गोळी आठवते.

आणि मग १९४४ चा फेब्रुवारी. तोच आराकान, तेच जपानी, तोच वळसा. सातव्या डिव्हिजनच्या पाठीमागे जपानी आले, रस्ता कापला. वर्षभरापूर्वी एवढ्यावर फौज मागे सरली असती. या वेळी हुकूम होता की पाठीमागे शत्रू आला तर वेढला तो गेला, तुम्ही नाही. जिथे आहात तिथे बसा, खाणं-दारूगोळा विमानातून पडेल. सिंझवेया नावाच्या जागी डिव्हिजनचा सामानसुमानाचा तळ होता, त्याला ‘अ‍ॅडमिन बॉक्स’ म्हणतात. तिथे अडीच-तीन आठवडे लढाई चालली. जपान्यांनी रात्री दवाखान्यात शिरून जखमी आणि डॉक्टर मारले, इतकी जवळून. पण तळ पडला नाही. आणि तो राखणाऱ्यांत खेचरवाले होते, ड्रायव्हर होते, लंगरचे आचारी होते, आणि माझे भाऊबंद होते, क्लार्क! स्लिमसाहेबांचा नियमच होता की फौजेत बिनलढाऊ कोणी नाही, प्रत्येकानं आपली जागा राखायची आणि गस्तही घालायची. मी नोकरीत असताना पलटणीतली पोरं मला चिडवत, "बडे बाबू, आपकी राइफल में इंक भरी है क्या?" तेव्हा मला अ‍ॅडमिन बॉक्स माहीत असता तर!

इथवर कथा छान आहे. हरले, शिकले, जिंकले. इथेच संपवली असती तर स्मरणिकेत छापून आली असती. पण पुढची अठरा वर्षंही बघावी लागतात.

१९६२, नोव्हेंबर. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल. सेला खिंडीत आपली एक ब्रिगेड, उंच जागी, खणून बसलेली. मागे दिरांगला चौथ्या डिव्हिजनचं मुख्यालय, त्याच्या मागे बोमडिला. चिनी फौज समोरून आली तशी डोंगरातल्या पायवाटेनं वळसा घालूनही आली आणि दिरांग-बोमडिला रस्ता कापला. हुबेहूब आराकान. आणि १७-१८ नोव्हेंबरच्या त्या रात्री सेला सोडलं गेलं. खाली उतरणारी माणसं वाटेत मारली गेली, पकडली गेली, भूतानच्या बाजूनं उपाशी भटकली.

‘पाठीमागे शत्रू आला तर वेढला तो गेला’ हे वाक्य कुठे गेलं होतं? माझं मत असं. चौथी डिव्हिजन काही साधी नव्हती. आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीत नाव कमावलेली, पुढे पंजाबच्या सपाटीवर राहिलेली. तिच्या आठवणीत वाळवंटातला जर्मन सेनापती रोमेल होता, जपानी नव्हता. जंगलाचा अनुभव होता, पण तो दुसऱ्या घरात होता. आणि ज्या शाळेनं तो घराघरांत वाटला असता, ती छिंदवाड्याची शाळा, युद्ध संपल्यावर बंद झाली होती. सासऱ्यांच्या घरात उरला मिठाचा डबा. पुस्तिका कपाटात गेल्या. फौजेतली कपाटं मी पाहिली आहेत. वाळवी लागली तरी बोर्ड, म्हणजे अधिकाऱ्यांची समिती, बसवल्याशिवाय कागद फेकता येत नाही, आणि बोर्ड बसेपर्यंत वाचायलाही कोणी काढत नाही.

बासष्टनंतर काय झालं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला. यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत त्याचं सार सांगितलं. ट्रेनिंग, हत्यारं, हुकमाची साखळी, जवानांचा दमसास, अधिकाऱ्यांची कुवत, सगळ्या मुद्द्यांवर बोलले. बोलले तसं कामही झालं. डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजनी उभ्या राहिल्या, जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल जाऊन नवी एसएलआर आली, गरम कपडे आले. आपल्या नागपूर पट्ट्यातले अंबाझरी, भंडारा, भद्रावतीचे आयुध कारखाने त्याच दशकातले. आमच्या शेजारचे काका अंबाझरीतून रिटायर झाले, ते म्हणत, "बासष्टनं आपल्याला भाकर दिली." ऐकायला कसंतरी वाटतं, पण खरं आहे.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, सिक्कीमच्या नथुला खिंडीत चिन्यांनी गोळीबार सुरू केला तेव्हा आपली माणसं जागची हलली नाहीत. डिव्हिजन होती जनरल सगतसिंहांची. त्याआधी दोन वर्षं, पासष्टमध्ये, शेजारची जेलेपला खिंड खाली केली गेली होती, पण नथुला सोडायला याच गृहस्थांनी नकार दिला होता. आणि डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या लढाईत, मेघना नदीवर पूल नाही म्हणून न थांबता यांनीच हेलिकॉप्टरनं माणसं पलीकडे उतरवली, ती पलटण चौथी गार्ड्स. कामठीच्या गार्ड्स सेंटरसमोरून बस जाते तेव्हा माझा हात अजून आपसूक सावरला जातो. गंगासागरला परमवीरचक्र मिळवून गेलेले लान्स नायक अल्बर्ट एक्का हेही गार्ड्सचेच, चौदाव्या पलटणीचे.

पण हेंडरसन ब्रुक्सचा अहवाल? तो सरकारनं अजून छापलेला नाही. साठ वर्षांहून जास्त झाली. त्यात उल्लेख असलेले साहेब गेले, त्या रायफली भंगारात गेल्या. गुपित काय उरलं असेल ते देव जाणे. कारगिलचा अहवाल निदान पुस्तक होऊन बाजारात आला, मध्येमध्ये गाळलेल्या जागा ठेवून का होईना. जुलै १९९९ मध्ये सुब्रह्मण्यम समिती नेमली, पुढच्या फेब्रुवारीत तिचा अहवाल संसदेसमोर. इतक्या लवकर आपल्याकडे पूर परिस्थितीचा पंचनामाही होत नाही. त्यातून पुढे मंत्रिगट बसला, तिन्ही दलांचं एकत्र मुख्यालय निघालं, आणि मंत्रिगटानं सांगितलेला तिन्ही दलांचा एक प्रमुख रुजू झाला १ जानेवारी २०२० ला. कारगिलच्या साली जन्मलेलं पोर तोवर कॉलेजात पोचलं होतं.

आपण मराठी माणसं पराभव आठवण्यात पहिल्या नंबरला आहोत. ‘पानिपत झालं’ हे आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, क्रिकेटच्या सामन्यापासून दहावीच्या निकालापर्यंत. पण पानिपतातून शिकला कोण? पायाला जन्माची दुखापत घेऊन तिथून जिवंत आलेला महादजी. इब्राहिमखान गारद्याच्या पायदळानं काय केलं ते त्यानं पाहिलं होतं, आणि घोडदळाशी त्याचा मेळ बसला नाही तेही. वीसेक वर्षांनी त्यानं द बॉयन या युरोपी सेनानीला ठेवून कवायती कंपू उभे केले, आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता मारलं. बाकीच्यांनी पानिपताचे पोवाडे केले. पोवाडे मलाही आवडतात, तो भाग निराळा.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांनी केलं ते मात्र निव्वळ कारकुनी आहे, म्हणून मला जवळचं. सेनापती सेक्ट यांनी १९१९ च्या डिसेंबरात पन्नासहून जास्त समित्या बसवल्या, चारशेवर अधिकारी कामाला लावले. प्रत्येकाला प्रश्न सारखेच. युद्धात असं काय समोर आलं ज्याचा आधी विचारच केला नव्हता? आधीच्या समजुती कितपत टिकल्या? नवं काय सुचलं? आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही? हा शेवटचा प्रश्न मी तरी माझ्या नोकरीत कुठल्या फॉर्मवर पाहिला नाही. (ही फौज पुढे कोणाच्या हाती गेली आणि तिनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न चांगले म्हणून माणसं चांगली असं काही नसतं.)

आता माझा हिशेब.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हवालदार होतो. पलटण डोंगरात. हिवाळ्यात मोठी एक्सरसाइज झाली, चार रात्री. शेवटी रिपोर्ट बनतो. प्रत्येक कंपनी आपलं लिहून देते, टूआयसी, म्हणजे पलटणीतले दोन नंबरचे साहेब, त्याचं एक करतात, क्लार्क टाइप करतो, सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, सही करतात, मग ब्रिगेडला जातो. टूआयसी साहेब खमके होते. त्यांनी बोलून लिहून दिलं, मी रात्री अकरा वाजेपर्यंत बसून टाइप केलं. चौदा पानं, तीन कार्बन. बोटं थंडीनं इतकी आखडली होती की मध्येमध्ये बुखारीवर धरून यावं लागे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट सीओ साहेबांकडून आला, पेन्सिलच्या खुणा करून. बहुतेक खुणा स्वल्पविरामाच्या. एका जागी मात्र एक पूर्ण उपपरिच्छेद खोडला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कम्युनिकेशन बाय अँड लार्ज सॅटिसफॅक्टरी’. म्हणजे संपर्क एकंदरीत समाधानकारक.

मी टूआयसी साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "टाइप कर दो, बाबू." मी टाइप केलं. सात मिनिटांचं काम. जुनं पान मात्र मी फाडलं नाही, घडी करून डायरीत ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही, तेव्हा काही उदात्त विचार वगैरे नव्हता. चौदा पानांतलं एक चांगलं टाइप झालेलं पान, फाडायचं जिवावर आलं.

दोन हिवाळ्यांनी, तोच डोंगर. सीओ साहेब नवे, टूआयसी नवे, सिग्नल प्लाटूनचा हवालदारही नवा. सगळे हुशार, कष्टाळू. त्यांनी जुनी फाईल मागवली. मीच काढून दिली. त्यांनी वाचलं की कम्युनिकेशन बाय अँड लार्ज सॅटिसफॅक्टरी, आणि पुढचं पान उलटलं. मी तिथेच टेबलापलीकडे उभा होतो. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. "साहब, इसके पहले एक और पन्ना था." एवढंच. पण तो कागद माझ्याकडे कसा, हा प्रश्न आला असता.

त्या वेळी एक गस्त रात्रभर हिमवादळात अडकली. त्यांना परत बोलवायचं ठरलं होतं, पण रेडिओ सेट बंद. पहाटे सहाला माणसं मिळाली. सगळी जिवंत. एका पोराच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बुलढाण्याकडचा पोरगा, पलटणीत कबड्डीचा पहिला रेडर. पुढे त्याला स्टोअरमध्ये लावलं, माझ्या खोलीशेजारी. आठ महिने आम्ही एकाच जर्मनच्या किटलीतला चहा प्यायलो. त्याला मी कधी काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी पलटणीचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, होता. स्मरणिका निघणार होती. जुन्या लोकांकडून आठवणी मागवल्या, मलाही फोन आला, "बडे बाबू, दो पन्ने." मी दोन पानं लिहिली. छिंदवाडा लिहिला, अ‍ॅडमिन बॉक्समधले क्लार्क लिहिले आणि शेवटी ही गोष्ट लिहिली, कोणाचंही नाव न घालता. संपादन करणाऱ्या साहेबांचा आठ दिवसांनी फोन. आवाज प्रेमळ. बहुत अच्छा लिखा है, म्हणाले, छिंदवाडे वाला तो कमाल है. बस, आखिरी हिस्सा जगह की वजह से थोड़ा कम कर दिया. स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, माझा फोटो, आणि लेखाच्या शेवटी कोणीतरी जोडलेलं एक वाक्य की आमच्या काळात सगळे एका कुटुंबासारखे राहत होतो. राहत होतोच. त्याबद्दल तक्रार नाही.

माझा पुतण्या सध्या ट्रेनिंग संपवून पहिल्या पोस्टिंगवर आहे, थंड जागी. त्याला मी हे सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "काका, ते सेट आता नाहीत. सगळं बदललं." बदललं असेल. मी म्हटलं, बॅटरी तर असेल ना काहीतरी? तर हसला.

सासूबाईंकडे मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. डबा मागावा असं मनात होतं, पण मागितला नाही. तो मिठाला लागतो.

डायरीतलं पान मात्र माझंच आहे. घडीवर कागद तुटत आलाय, कार्बनची निळी शाई पसरली आहे. ब्लॉगवर जागेची अडचण नसते, म्हणून खोडलेला उपपरिच्छेद इथे उतरवून ठेवतो. मूळ इंग्रजी, मराठी माझं:

‘१४ (ख). दुसऱ्या रात्री २३०० ते ०४१० बी कंपनीशी रेडिओ संपर्क नव्हता. बॅटऱ्या चार्ज झाल्याची नोंद न पाहता पाठवण्यात आल्या. थंडीत त्या दोन तासांत उतरल्या. राखीव बॅटऱ्या खेचरांबरोबर मागे राहिल्या. जबाबदारी : बटालियन मुख्यालय.’